लुक्लाच्या धावपट्टीपुढची वाट

पत्र, थोडक्यात: सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एक वाचक लिहितात, "वय 38. पतसंस्थेत नोकरी. घरी आई, पत्नी आणि दहा वर्षांची मुलगी. रात्री जेवणं उरकली की मी संगणकावर फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे विमान उडवायचा खेळ, लावतो. जगातले कितीतरी विमानतळ पालथे घातले, पण खऱ्या विमानात अजून एकदाही बसलेलो नाही. सगळ्यात जास्त वेळा उतरलो ते नेपाळमधल्या लुक्लाला. धावपट्टीची लांबी, चढ, दरीत कुठे वळायचं, सगळं पाठ आहे. आता तिथे खरंच जायचंय, एकट्याने. दोन लाख चाळीस हजार साठवलेत. पत्नी म्हणते, ते पैसे वरच्या मजल्याच्या स्लॅबसाठी आहेत, त्या खेळाने तुमचं डोकं फिरवलंय. लुक्ला काय चीज आहे ते कळावं म्हणून मी तिला 'जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ' असे व्हिडिओही दाखवले, तरी तिचं मन वळत नाही. ऑफिसातला मित्र म्हणतो, सगळं स्क्रीनवर पाहून झालंय, आता जाऊन वेगळं काय बघणार? आता मलाच शंका येते. ही ओढ खोटी आहे का? जाऊन निराशा झाली तर? मुलगी मात्र रोज विचारते, 'बाबा, आज कुठे?' कधी वाटतं, नवं ग्राफिक्स कार्ड घ्यावं आणि गप्प बसावं."

नमस्कार,

तुमची ओढ खोटी आहे असं मला मुळीच वाटत नाही. प्रवासाची ओढ माणसाला कशानेही लागते. कुणाला भिंतीवरच्या कॅलेंडरने, कुणाला शाळेतल्या नकाशाने, कुणाला फौजेतल्या मामाने सुट्टीत सांगितलेल्या गोष्टींनी. तुम्हाला ती संगणकावरच्या विमानाने लावली. ती ज्या वाटेने आली ती वाट नवी आहे, एवढंच.

आणि सिम्युलेटरची गोष्टच मुळी खऱ्या आकाशाच्या ओढीतून सुरू झाली. अमेरिकेतल्या एडविन लिंकला विमान चालवायला शिकायचं होतं, पण शिकवणी फार महाग. त्याच्या वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवायचा कारखाना होता. आपल्या पेटीला भाता असतो तसा ऑर्गनलाही असतो. ते भाते आणि हवेचे पंप वापरून त्याने 1929 मध्ये जमिनीवरच झुकणारं, वळणारं, नाक वर-खाली करणारं एक बुटकं विमान तयार केलं. सुरुवातीला ते जत्रेतल्या पाळण्यांशेजारी करमणुकीसाठी विकलं गेलं. पुढे 1934 मध्ये अमेरिकी लष्करी वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचं काम आलं, खराब हवेत एकामागून एक अपघात झाले, तेव्हा लष्कराने ही यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. तेव्हा घरी कुणी 'खेळ' म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. खेळ तर तो आहेच, पण त्याचं तोंड पहिल्यापासून बाहेरच्या आकाशाकडे आहे.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. सगळं पाहून झालंय, हे खरं आहे का?

तुम्ही बहुधा 2020 साली आलेलं किंवा त्यानंतरचं मायक्रोसॉफ्टचं सिम्युलेटर वापरत असाल. त्यात जगातले सुमारे 37,000 विमानतळ आहेत आणि उपग्रहाच्या फोटोंवरून अख्खी पृथ्वी उभी केली आहे. काम थक्क करणारं आहे. पण काही मोठी शहरं सोडली तर त्यातली घरं कुणी एकेक पाहून बांधलेली नाहीत. फोटोतलं छप्पर बघून संगणक अंदाज करतो आणि तिथे एक घर उभं करतो. ते सिम्युलेटर आलं त्याच महिन्यात लोकांना मेलबर्नच्या एका साध्या वस्तीत आभाळाला भिडलेला 212 मजली सुळका सापडला होता. कुणीतरी नकाशात 2 मजल्यांऐवजी 212 लिहिलं होतं, आणि यंत्राने ते निमूटपणे बांधून टाकलं. माझ्या भाच्याने मला एकदा माझ्या माहेरच्या गावावरून फिरवून आणलं. नदीचं वळण बरोबर, डोंगर बरोबर, आणि देवळाच्या जागी कौलं घातलेला एक परका बंगला. घाटावर चिटपाखरू नाही. मला खूप आनंद झाला आणि लगेच तिकडे जावंसंही वाटलं. तुमच्या पत्रात मला हेच दिसतं. स्क्रीनवर पाहून तुमचं मन भरलेलं नाही, उलट भूक लागली आहे. मन भरलं असतं तर तुम्ही मला पत्र कशाला लिहिलं असतं?

लुक्लाला उतरल्यावर तुम्ही पुढे काय करता, याचा विचार केलाय का? बहुतेक इंजिन बंद करून दुसरं उड्डाण निवडत असाल, नाहीतर तोंड फिरवून पुन्हा दरीत झेप घेत असाल. धावपट्टी 527 मीटर, चढ जवळजवळ 12 टक्के, उंची 2,845 मीटर, वरच्या टोकाला डोंगर. म्हणून उतरायचं ते चढावर आणि उडायचं ते उतारावर, आणि एकदा खाली आलं की पुन्हा वर उचलायला वाव नाही. हे सगळं तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. पण ही पट्टी तिथे आली कशी? एडमंड हिलरी एव्हरेस्ट चढून गेल्यावर शेर्पांच्या गावांत शाळा आणि दवाखाना बांधायच्या मागे लागले. त्या कामाचं सामान आणायला 1964 मध्ये शेतजमीन घेऊन त्यांनी ही पट्टी तयार करवली. माती भुसभुशीत होती, ती दाबायला रोलर कुठून आणणार? तेव्हा हिलरींनी शेर्पांना स्थानिक दारू पाजली आणि पाय आपटून नाचायला लावलं, असं सांगतात. 2001 पर्यंत ती धावपट्टी मातीचीच होती, डांबरीकरण त्यानंतरचं. आणि वरच्या टोकाला जिथे तुमचं विमान थांबतं, तिथूनच गाव सुरू होतं. त्या गावातून पुढच्या नामचे गावाला मोटार जात नाही. पायवाट आहे, पाठीवर ओझी घेतलेली माणसं आहेत, खेचरं आहेत, याक आणि गाईच्या संकरातून झालेले झोप्क्यो आहेत. वाटेत मंत्र कोरलेल्या दगडी भिंती येतात, त्या उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं असतं. तुमच्या स्क्रीनवर ही वाट आहे, पण तिच्यावर कुणी चालत नाही. तुम्ही लुक्लाला कितीही वेळा उतरला असाल, गावात अजून पाऊल टाकलेलं नाही.

निराशेबद्दल खोटा धीर देणार नाही. थोडी निराशा होईल. प्रत्यक्षात तुमच्या हातात इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा थ्रॉटल नसेल, तुम्ही प्रवासी असाल. छोट्या ट्विन ऑटर विमानामध्ये पुढची जागा मिळाली तर वैमानिकांच्या खांद्यांवरून समोरची काच दिसते, नाहीतर डाव्या खिडकीवर समाधान मानावं लागतं. जाताना हिमशिखरं डावीकडेच असतात, त्यामुळे समाधान पुष्कळ होईल म्हणा. हवामान मात्र एका क्लिकवर बदलता येत नाही. लुक्लाला सकाळीच उडता येतं, दुपारी वारा आणि ढग येतात. विमान रद्द होतं आणि माणसं दोन-दोन दिवस बसून राहतात. पण ज्या दरीत स्वच्छ ऊन लावून तुम्ही शंभरदा उतरलात, तिच्यातून प्रत्यक्ष ढग वर चढताना बघणं ही निराशा आहे की त्या जागेची खरी ओळख, हे तुमचं तुम्हीच तिथे ठरवाल.

आता घरचं. मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं ते इथे.

पत्नीचं मन वळावं म्हणून तुम्ही त्यांना 'जगातला सर्वांत धोकादायक विमानतळ' दाखवलात! तुम्हाला त्यात कौशल्य दिसतं, कारण तिथे कसं उतरतात हे तुम्हाला कळतं. त्यांना काय दिसलं असेल? आपला नवरा त्या कड्याकडे निघालाय आणि म्हातारी सासू, लहान मुलगी पदरात आहे. 2008 मध्ये लुक्लाला उतरताना विमान कोसळून 18 जण गेले होते. 2013 मध्ये युरोपीय संघाने सुरक्षेच्या कारणावरून नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत बंदी घातली. दरवर्षी हजारो लोक लुक्लाला सुखरूप जाऊन येतात हेही तितकंच खरं, पण पत्नीची भीती अडाणी नाही. तुम्ही धरून चाललात की विरोध पैशांपायी आहे. मला शंका आहे की स्लॅबचं नाव पुढे करून त्या खरं तर भीतीबद्दल बोलताहेत. आपल्याकडे बायका 'मला भीती वाटते' असं म्हणायच्या आधी 'पैसे कुठायत' असंच म्हणतात, कारण ते वाक्य ऐकलं जातं. त्यांना एकदा सरळ विचारा. व्हिडिओ न लावता, संगणक बंद ठेवून.

आणि आणखी एक विचारा. त्यांना स्वतःला कुठे जायचंय? दोन पानी पत्रात ते कुठेच नाही. कदाचित समुद्र असेल, कदाचित काशी, कदाचित चार दिवस माहेर. तुमच्या स्वप्नाला त्यांनी मान द्यावा असं वाटत असेल तर आधी त्यांचं स्वप्न ठाऊक तरी हवं. मुलीचा 'आज कुठे?' हा प्रश्न तर मला तुमच्या सगळ्या पत्रात मोलाचा वाटला. या घरात तुमच्या शेजारी बसायला कुणीतरी तयार आहे. तरी तुम्ही 'एकट्याने' का लिहिलंत? स्क्रीनसमोर एकट्याने बसायची सवय झाली म्हणून प्रवासही एकट्याचाच, असं तर झालं नाही ना? एकट्याने जाण्यात गैर काही नाही, पण ते ठरवून असावं.

लुक्ला की ग्राफिक्स कार्ड, असे दोनच पर्याय समोर ठेवू नका. तुम्ही अजून एकदाही विमानात बसलेला नाहीत. पहिलंच खरं उड्डाण हिमालयातल्या सगळ्यात अवघड धावपट्टीवर कशासाठी? तुमच्या जिल्ह्यातच सोय झाली आहे. जून 2025 मध्ये सोलापूर ते गोवा विमान सुरू झालं, ते एटीआर-72 जातीचं, पंख्याचं. वेळापत्रकं बदलत राहतात, तेव्हा सध्याचे वार बघून घ्या. तुमच्यासारख्या माणसाला मोठ्या जेटपेक्षा हे विमान जास्त आवडेल. पंख वर असल्याने खालची जमीन झाकली जात नाही, आणि फार उंच जात नसल्याने शेतं, नद्या ओळखू येतात. चढायचा दरवाजा मागे असतो. पंखा आणि चाकं बघायची तर मधल्या रांगेतली खिडकी घ्या, नुसती जमीन बघायची तर मागची. उतरायच्या आधी पोटाच्या बाजूने चाकं बाहेर येताना मुलीला दाखवा.

जायच्या आधी हाच मार्ग घरी तिघांनी मिळून उडवा. सोलापूरहून नैर्ऋत्येला निघा, कृष्णा ओलांडा, हिडकल धरणाचं पाणी शोधा, बेळगावच्या आसपास पठार कुठे संपतं आणि घाट कसा तुटतो ते बघा, मग गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या कातळावर उतरा. मुलीला वहीत खुणा लिहायला सांगा. मग प्रत्यक्ष उड्डाणात तीच वही तिच्या मांडीवर असू द्या. काय जुळलं, काय जुळलं नाही, ते तिला सांगू द्या. पत्नीला समुद्र आवडत असेल तर खाली तोही आहेच. तिघांच्या या तिकिटांचा आणि तुम्ही बघून ठेवलेल्या ग्राफिक्स कार्डाचा हिशेब शेजारी शेजारी मांडून बघा. कार्ड यंदा राहिलं तरी चालेल. स्लॅबचे पैसे मात्र स्लॅबलाच राहू द्या. ते तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं असेल तर एकट्याने मोडू नये. प्रवासाची पुंजी वेगळी, वेगळ्या खात्यात, दरमहा थोडी थोडी.

त्यानंतर नेपाळ, आणि तेही आधी लुक्लाशिवाय. काठमांडूहून सकाळी तासाभराची हिमदर्शनाची विमानं निघतात आणि एव्हरेस्टच्या जवळून फिरवून परत आणतात. आईला चालणं झेपत नसेल तरी त्यांनाही हे जमेल. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरतं, आधार कार्डावर विसंबू नका. मुलीसाठी फोटो असलेलं आणि वय पटवणारं कागदपत्र जवळ ठेवा. पत्नीने ते डोंगर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की लुक्लाबद्दलचं तुमचं बोलणं वेगळं होईल. कदाचित त्या 'जा' म्हणतील, कदाचित 'मीही येते' म्हणतील. 'नाही' म्हणाल्या तरी ते नाही बघून-सवरून आलेलं असेल.

अशीच पत्रं इतरांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी थोडं. ज्यांना भूतानमधल्या पारो विमानतळाचं वेड आहे त्यांनी तिथला खर्च मोजताना भारतीय पर्यटकांना माणशी रोज रात्रीमागे 1,200 रुपये शुल्क पडतं हे धरावं. लेहला निघणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की ते 3,256 मीटरवर आहे. विमानाने थेट गेल्यावर पहिले दोन दिवस स्वस्थ पडून राहायचं, आणि तो हवाई दलाचा तळ असल्याने फोटो काढायचे नाहीत, खिडकीचा पडदा खाली करायला सांगितला तर मुकाट्याने करायचा. बारावीतली जी मुलं सिम्युलेटरवरून थेट वैमानिक व्हायचं म्हणतात, त्यांनी घरच्यांशी भांडायच्या आधी डोळ्यांची आणि प्रकृतीची अधिकृत तपासणी करून घ्यावी. व्यावसायिक परवान्याला बारावीचं भौतिकशास्त्र आणि गणित लागतं, खरं उड्डाण 200 तासांचं लागतं, घरच्या संगणकावरचे तास त्यात धरले जात नाहीत. आणि ज्यांना आजारपणामुळे किंवा वयामुळे घर सोडता येत नाही, त्यांच्यासाठी स्क्रीनवरचा प्रवास हाच प्रवास आहे. त्याला कुणी दुय्यम म्हणू नये. दूरदेशी रात्री जागून कोकणावरून एक फेरी मारणाऱ्या मराठी माणसांनाही माझं हेच सांगणं आहे.

तुम्ही मात्र हिंडू-फिरू शकता, म्हणून तुम्हाला एक काम सांगते. यापुढे कुठेही उतरलात की लगेच दुसरं उड्डाण लावू नका. अर्धा तास त्या गावाला द्या. तिथे कोण राहतं, काय पिकतं, काय खातात, पाऊस कधी पडतो, विमान नसतं तर तिथे कसं पोचलो असतो, हे शोधा आणि मुलीला सांगा. लुक्लापासून सुरुवात करा. जिरीहून चालत जायची जुनी वाट नकाशावर काढून बघा. हिलरी-तेनसिंग 1953 मध्ये गेले तेव्हा तिथे विमानतळ नव्हताच.

आणि लुक्लाचा दिवस उजाडेल तेव्हासाठी आत्ताच लिहून ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च ते मे धरा. गर्दीच्या हंगामात विमानं बरेचदा काठमांडूऐवजी रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतात, म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तासांचा घाटरस्ता. सामान 15 किलोच्या आत ठेवा. उंचीवरून हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च धरलेला विमा काढा आणि त्याची प्रत पत्नीजवळ ठेवा. नामचे 3,440 मीटरवर आहे, तिथे एक दिवस जास्तीचा मुक्काम कराच. हवा बिघडली आणि वैमानिकाने जायला नकार दिला तर हुज्जत घालू नका, तुम्हाला तर त्याचं कारण इतरांपेक्षा आधी कळेल. परतीचं काठमांडूहून भारतात यायचं तिकीट लुक्ला सोडायच्या दिवशीचं अजिबात काढू नका. मध्ये दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. विमान वेळेवर निघालंच, तर ते दिवस काठमांडूजवळची भक्तपूर आणि पाटण ही जुनी शहरं बघण्यात आनंदात जातील.